लंडनच्या आंबेडकर निवासाबाबत खुलासा

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड येथील घर बाबासाहेबांच्या मालकीचे होते आणि तेथील स्मारक स्थानिक पालिकेने कायमचे बंद केले, असा मजकूर सध्या फिरत आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

बाबासाहेब १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, या घरात भाडेकरू म्हणून राहिले. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वाद मालकीचा नव्हता, वापराचा होता. निवासी घराचे संग्रहालय करण्यासाठी इंग्लंडमध्ये नियोजन परवानगी लागते. ती कॅम्डेन पालिकेने नाकारली होती. शासनाने अपील केले, २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटनच्या संबंधित मंत्र्यांनी परवानगी दिली. फिरणारा मजकूर नकारापाशीच थांबतो, ही त्यातली खरी खोट आहे.

आणखी एक गैरसमज, किरकोळ पण मजेशीर: हे घर ‘टेरेस्ड हाउस’ आहे, पण त्याचा अर्थ गच्चीचे घर असा नव्हे. सामायिक भिंतींनी एकमेकांना जोडून, एका रांगेत बांधलेल्या घरांना तसे म्हणतात. भिंतीपलीकडेच शेजारी राहत असल्याने हे घर असलेल्या प्रिमरोझ हिलसारख्या शांत निवासी वस्तीत अभ्यागतांच्या वर्दळीवर आक्षेप निघाले, आणि त्यांना बाबासाहेबांना झालेला विरोध म्हणणे मला घाईचे वाटते.