इनामगावच्या गोल झोपड्यांना कमी लेखू नका

प्राचीन गावांबद्दल वाचताना एक गोष्ट जाम खटकते. घरं मोठी सापडली की भरभराट, लहान सापडली की ऱ्हास, विषय संपला. अरे पण गाव टिकलं का ते तरी बघा आधी!

इनामगावचंच घ्या. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी, म्हणजे सांकळिया, ढवळीकर वगैरे मंडळींनी, १९६८ ते १९८३ मध्ये तिथं खणलं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७००, नऊशे वर्षं एकाच जागी वस्ती! आधी ऐसपैस चौकोनी घरं, धान्याची पेवं, पुढं तर पाण्यासाठी पाट खोदलेला आणि बांधही घातलेला. मग इ.स.पू. १००० च्या सुमाराला पाऊस रुसला असं ढवळीकरांचं म्हणणं, आणि गोदावरी-प्रवरेकडची बहुतेक गावं उठली. इनामगाव नाही उठलं. चौकोनी घरं जाऊन बारक्या गोल झोपड्या आल्या, शेती आटली तसा शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर आला, आणि हे असं एकदोन दुष्काळ नाही तर जवळजवळ तीनशे वर्षं चाललं. याला पडता काळ म्हणायचं? मला तर ही हुशारी वाटते. गोल झोपडीला लाकूड कमी लागतं, हात कमी लागतात, आणि गुरांमागं जायची वेळ आली तर मागं ठेवून जायला जीव तुटत नाही.

बरं, सगळंच सोडलं असंही नाही. तान्हं मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, मूल आत, आणि ती राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायची. मोठ्या घरात हे केलं आणि झोपडीतही केलं. घर बदललं, खाणं बदललं, हे नाही बदललं. (हे वाचून मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवलं होतं.)

तुर्कस्तानात चातालहुयुक म्हणून अश्मयुगातलं गाव आहे, तिथं वेगळाच प्रकार. जुनं घर पाडून भरून टाकायचं आणि त्याच भिंतींवर नवं उठवायचं, हजारेक वर्षं हेच, शेवटी त्या घरांचीच वीसेक मीटर उंच टेकडी झाली. तिथंही मेलेली माणसं घरातच, ओट्याखाली.

इनामगाव इ.स.पू. ७०० च्या आसपास ओस पडलं, मान्य. पण मोठी घरं बांधणारी शेजारची गावं त्याच्या तीनशे वर्षं आधीच गेलेली, ते कुणी मोजतच नाही.