१३७ वारकरी

गणना रविवारी झाली. आज बुधवार. मी अजून त्या काकांना मनातल्या मनात उत्तरं देतोय, आणि सगळी चोख सुचतायत.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मानधन नाही, चहा आपापला. पुण्याच्या पाषाण तलावावर आम्ही दोघं होतो, एकाच्या डोळ्याला ८×४२ ची दुर्बीण, दुसऱ्याच्या हातात वही. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहायचं, नाहीतर पाण्यावरचं सगळंच काळं दिसतं. मग डावीकडून उजवीकडे, एखादं झाड किंवा खांब खूण धरून, एकाच दिशेने मोजत जायचं. थवा मोठा असेल तर आधी दहा पक्षी मोजून ते किती जागा व्यापतात ते बघायचं आणि तेच माप पुढे ठेवत जायचं. टिबुकलीला मात्र हे चालत नाही. ती बुडी मारते आणि भलतीकडेच वर येते. तिला तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरायचा.

मोजणारा बोलतो आणि लिहिणारा लिहितो. गोची इथे होते, पक्ष्यांच्या नावांत. ‘वंचक चार, थापट्या नऊ, शेकाट्या सव्वीस!’ असं ओरडलं की फिरायला आलेली सभ्य माणसं थबकून आपल्याकडे बघतात. त्यातला एक तरी शब्द आपल्याला उद्देशून असावा असं त्यांना वाटतं. संक्रांतीच्या आठवड्यात ‘हळदीकुंकू अकरा’ ऐकून एका मावशींनी ‘कुठे आहे हो?’ असं विचारलंसुद्धा. मी पाण्याकडे बोट दाखवलं. त्या बदकाच्या काळ्या चोचीला टोकाशी हळद असते आणि मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके. मावशींनी बघितलं, ‘वाण काय?’ म्हणाल्या आणि हसत पुढे गेल्या. अशी माणसं असली तर पहाटे साडेपाचला उठण्याचं काही वाटत नाही.

काका तसे नव्हते.

वारकरी म्हणजे तो काळाकुट्ट पाणपक्षी. कपाळावर पांढरा टिळा, कायम घोळक्यात. तो शेकड्याने असतो, म्हणून त्याच्यासाठी बोटात अडकवायचा काउंटर वापरतो. मोठं बटण दाबलं की एक वाढतो, बारकं दाबलं की सगळं शून्य. हे यंत्र बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर पक्षी नव्हते, नामजप होता. काकांच्याही डोळ्यासमोर तोच होता.

माकडटोपी, पांढरे बूट, हातात कुत्र्यांसाठी काठी. मागे उभे राहून बराच वेळ माझा अंगठा बघत असावेत.

“कितवी माळ?”

दुर्बीण डोळ्याला असताना बोलू नये. मी बोललो. “एकशे सदतीस.”

“माळा?”

“नाही, वारकरी.”

“म्हणजे एक माळ आणि वर एकोणतीस.” हिशेब पक्का होता. “वारकरी संप्रदायातले का तुम्ही?”

“अहो काका, पक्षी. त्या पक्ष्याचं नाव वारकरी.”

“असं होय! मग दुर्बीण कशाला? पांडुरंग आत असतो.”

मी दुर्बीण खाली घेतली, ही दुसरी चूक. मग त्यांना गणना म्हणजे काय, आकडे कशाला लागतात, दरवर्षी त्याच जागी, त्याच सुमारास मोजलं तरच तुलना होते, हे सगळं सांगितलं. काकांनी मान डोलावत ऐकून घेतलं, “बघू जरा,” म्हणत काउंटर माझ्या बोटातून काढला, उलटसुलट केला आणि बारकं बटण दाबून परत दिला.

“शून्य करून दिलाय. बोलता बोलता केलेला जप लागू होत नाही. आता मन लावून करा.”

जोडीदार म्हणाला, १३७ तर लक्षात आहे, पुढे मोज. पण त्या पाच मिनिटांत वारकरी काही काकांचं प्रवचन ऐकत बसले नव्हते. मी खूण धरलेल्या बाभळीच्या डावीकडचे उजवीकडे गेले होते, उजवीकडचे डावीकडे. आता पुढे मोजणं म्हणजे काहींना दोनदा धरणं आणि काहींना सोडणं. पहिल्यापासून सुरुवात केली. चाळिशीत होतो तेवढ्यात हास्यक्लबाने दोन्ही हात वर करून पहिला गडगडाट केला आणि अख्खी दिंडी पाण्यावर पाय आपटत पळत सुटली. वारकरी चटकन उडत नाही, आधी धावतो. धावला तो थेट जलपर्णीत.

आणि जलपर्णीत गेलेला पक्षी दिसत नाही. हे मात्र मी काकांच्या माथी मारणार नाही. सांडपाणी येतं, त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसली जाते आणि दोन आठवड्यांत दुप्पट होते. मग ती यंत्राने काढतात आणि काठावरच ढीग घालतात, तिथे ती कुजते आणि तेच खत पावसाबरोबर पुन्हा तलावात. जांभळ्या पाणकोंबडीला त्या रानात लपायला बरं असतं, पण पोहणाऱ्या बदकाला उघडं पाणी लागतं, आणि ते दरवर्षी थोडं थोडं कमी होतंय. हे आम्ही दर जानेवारीत फॉर्मवर ‘धोके’ या रकान्यात लिहितो. रकाना मोठा आहे, लिहायला जागा भरपूर.

शेवटी ११२ भरले. पहिल्या खेपेला अर्ध्या तलावात १३७ आणि आता अख्ख्या तलावात ११२, तरी लिहायचे ११२च. नियम तसाच आहे, डोळ्यांना दिसलं ते लिहायचं. शेऱ्यात ‘मोजणीत व्यत्यय’ एवढंच टाकलं. व्यत्ययाच्या टोपीचं वर्णन करायला जागा नव्हती.

आवरून निघालो तर काका दुसरी फेरी संपवून समोर.

“झाला?”

“झाला.”

“किती?”

“एकशे बारा.”

“वा! माळ पूर्ण, वर चार.” मग जरा जवळ येऊन, “यंत्र चांगलं आहे हो. कुठे मिळतं?”

“तुळशीबागेत,” मी म्हणालो. “घेताना बारकं बटण नसलेलं मागा.”

“असं मिळतं?”

“नाही मिळत.”