टपली

जुलैपासून मी दूध आणायला हेल्मेट घालून जातो. चालत.

दूधकेंद्र आमच्या फाटकापासून दीडशे पावलांवर आहे. एरंडवण्यातली गल्ली, दोन्हीकडे झाडं, सकाळी साडेसहाची वेळ. टेकडीवरून उतरणारी मंडळी माझ्याकडे एकदा बघतात, मग आजूबाजूला माझी गाडी शोधतात, आणि ती दिसली नाही की पुन्हा माझ्याकडे बघतात. २०१९ साली हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा त्यातल्या एका मोर्चात मी घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. सरकारला जे जमलं नाही ते दोन कावळ्यांनी आठवड्याभरात करून दाखवलं.

आता माझा गुन्हा सांगतो. आमच्या गॅलरीसमोरच्या गुलमोहरावर मे महिन्यात कावळ्यांनी घरटं बांधलं. काऊचं घर शेणाचं आणि पावसात ते वाहून जातं, असं आपण पोरांना पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय. हे घर तारेचं होतं. केबलची तार, दोरीवरून पळवलेला एक हँगर, आणि मधे कसलंसं मऊ अस्तर. सोसायटीचं वॉटरप्रूफिंग दोनदा करूनही गळतं. ते घरटं अख्ख्या पावसाळ्यात जागचं हललं नाही.

जुलैच्या एका सकाळी त्यातलं एक पिल्लू पार्किंगमध्ये पडलेलं दिसलं. चोच वासून ओरडत होतं, आतून लालभडक. दोन कुत्री लांबून अंदाज घेत होती. मी टॉवेल आणला, पिल्लू त्यात गुंडाळलं, तीन मजले चढलो, गॅलरीतून वाकून त्याला अलगद फांदीवर ठेवलं आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागितला. पक्ष्यांमधलं ज्यांना कळतं ते सांगतात की उडायला शिकणारं पिल्लू खाली दिसलं तर शक्यतो हात लावू नये, आईबाप जवळच असतात, फार तर कुत्री-मांजरं हाकलावीत. हे मला नंतर कळलं. आईबाप जवळच असतात, हे मात्र त्याच दिवशी कळलं. त्यांना दिसलं ते एवढंच, की एका टकल्या माणसाने आपलं पोर फडक्यात गुंडाळून पळवलं.

दुसऱ्या दिवशी पहिली टपली बसली. तो मी काकतालीय न्याय समजलो. चौथ्या टपलीला न्यायाचा प्रकार वेगळा असल्याचं लक्षात आलं.

टपली नेहमी मागून येते. आधी आवाज नाही, काही नाही. टाळूवरून वाऱ्याचा एक झोत जातो आणि पाठोपाठ नखं. चोच मारत नाहीत. नुसतं खरवडून जातात, खाली पडलेली टोपी उचलायला वाकलं की दुसरा येतो. आणि आपण वळून बघावं, तर महाशय विजेच्या तारेवर बसून चोच पुसत असतात. डावीकडून एकदा, उजवीकडून एकदा, पुन्हा डावीकडून, सुरीला धार लावल्यासारखी. तुमचं माझ्याकडे काही काम होतं का, असा चेहरा. मान राखाडी, बाकी काळा, म्हणजे साधा गावकावळा. संपूर्ण काळा तो डोमकावळा, तो आमच्या भानगडीत पडत नाही.

छत्री करून पाहिली. मी छत्री मिटेपर्यंत ते थांबत.

मुलीला वाटलं मी वाढवून सांगतोय. मग ती एक दिवस माझ्यामागून दहा पावलं अंतर ठेवून आली आणि घरी येऊन लॅपटॉप उघडून बसली. आमच्याकडे कुणाला काही झालं की औषधाआधी संशोधन येतं.

"बाबा, तू एकटा नाहीयेस. सिएटलला असंच झालंय."

ही गोष्ट तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांची. २००६ साली त्यांनी आदिमानवाचा मुखवटा घालून कॅम्पसवरचे ७ कावळे पकडले, पायात वाळे घातले आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा घालून कुणीही फिरलं की कावळे अंगावर येत. तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता डिक चेनी यांचा, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी उपाध्यक्षांचा. त्या मुखवट्याने कुणाला धरलं नव्हतं, म्हणून त्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. एकदा आदिमानव होऊन मार्झलफ फेरी मारायला निघाले, तेव्हा वाटेत भेटलेल्या ५३ कावळ्यांपैकी ४७ जणांनी त्यांचा उद्धार केला.

"पण धरले तर सातच होते," मी म्हणालो.

"तेच तर! बाकीच्यांना इतरांकडून कळलं. पिल्लांना आईबापांकडून."

म्हणजे वैर वडिलोपार्जित. पुण्यात हे समजायला संशोधन लागत नाही. आमच्या गल्लीत १९८० च्या सुमाराच्या एका भिंतीवरून दोन घरं बोलत नाहीत, आणि ज्यांनी ती बांधली ते केव्हाच गेले.

त्यानंतर मुलगी रोज जेवताना मला एकेक कावळा वाढू लागली. ऑक्सफर्डमधल्या बेटी नावाच्या कावळीने २००२ मध्ये सरळ तार वाकवून तिचा आकडा केला आणि नळीतली खाऊची बादली वर ओढली. केंब्रिजमध्ये २००९ साली रूक जातीच्या कावळ्यांपुढे अर्धवट पाण्याची नळी आणि बाजूला खडे ठेवले, पाण्यावर तरंगती अळी. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं. "हे आम्हाला पहिलीत होतं," एवढंच मी म्हणालो. कावळ्याच्या कुळातला मॅगपाय म्हणे आरशात स्वतःला ओळखतो. तो पुण्यात नसतो, त्याचा चुलतभाऊ टकाचोर असतो. नुसतं नाव ऐकूनच मी डोक्यावरून हात फिरवला.

आदिमानवाच्या धड्यावरून मला एक सुचलं. मुखवटा ओळखतात ना, मग आपणच चेहरा बदलावा. तुळशीबागेतून वाघाचा मुखवटा आणला. तो प्रयोग एकच दिवस टिकला. कावळे अगदी गप्प होते. कुत्री नव्हती. शेवटी हेल्मेट. ते पंधरा दिवस चाललं, मग त्यांनी हेल्मेटही ओळखलं. फरक इतकाच की आता नखांचा नुसता आवाज येतो. आमच्या सेक्रेटरींचं हेल्मेटही काळंच आहे. त्यांना पार्किंगमध्ये दोनदा टपली बसली, तेव्हापासून ते मेंटेनन्सबद्दल माझ्याशी जरा जपून बोलतात.

ऑगस्टमध्ये मुलीने फोनमधले जुने फोटो चाळताना एकदम मला हाक मारली. टॉवेलातल्या पिल्लाचा फोटो तिने मोठा करून दाखवला. पिसांवर फिकट ठिपके होते.

"बाबा, हे कावळ्याचं नाहीच. कोकिळेचं आहे."

मी बराच वेळ फोटोकडे बघत राहिलो. कोकिळा स्वतः घरटं बांधत नाही, गुपचूप कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते, कावळे ते उबवतात, पोसतात, हे सगळं ठाऊक होतं. पण म्हणजे तार वाकवणाऱ्या, खडे टाकणाऱ्या, मुखवटे लक्षात ठेवणाऱ्या या विद्वान कुळाला मांडीवरचं पोर कुणाचं हे कळत नाही, आणि दीडशे पावलांवरून माझं टक्कल बरोबर कळतं! बरं, हे त्यांना समजावून तरी कसं सांगायचं? सांगितलं तरी पटायचं नाही. पोर कुणाचंही असो, टॉवेल तुमचाच होता ना, असंच म्हणतील.

हे इथवर ठीक होतं. पण भाद्रपद लागला.

अण्णांची तिथी पितृपक्षात. पुरण नसलं तरी चालेल, पण वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी हे सगळं हवं, आणि कावळा शिवल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आदल्या रात्री मी ओंकारेश्वराला जाऊ या म्हणून सुचवलं. तिथले कावळे व्यावसायिक, यजमानाचं तोंड बघत नाहीत. हिने ऐकलं नाही. "अण्णा या घरात राहिले, घरच्याच गच्चीवर येतील."

साडेबाराला पान घेऊन मी गच्चीवर गेलो. हेल्मेट काढून टाकीच्या कट्ट्यावर ठेवलं. वडिलांच्या पानापुढे हेल्मेट घालून उभं राहणं बरं दिसेना. पान कठड्यावर ठेवलं, पाणी फिरवलं, हात जोडले. समोरच्या गुलमोहरावर नऊ कावळे बसलेले. एकही हलेना. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर तिघांची पानं पाच मिनिटांत उरकली. आमच्या पानावर माशा. दीड वाजला. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि झाडावरचे तेवढे गप्प.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. त्यांना पुढे कोथरूडला जायचं होतं. "बोलून टाका."

मी बोललो. नातीचं शिक्षण पुरं करीन. गावच्या घराचे पत्रे बदलीन. काकांशी बोलेन. काकांचं म्हणताच एक कावळा उडाला, सरळ आमच्या दिशेने आला, पानावरून तसाच पुढे गेला आणि माझ्या उघड्या टाळूवर सणसणीत टपली देऊन परत फांदीवर जाऊन बसला.

"शिवला!" मुलगी ओरडली.

"यजमानाला शिवलेला धरत नाहीत," गुरुजी म्हणाले आणि पिशवीतून दर्भ काढू लागले. दर्भाचा कावळा करायची वेळ आमच्या घराण्यात अजून आली नव्हती.

"अहो, तुम्ही आधी तिथून बाजूला व्हा बघू," ही म्हणाली. तिने माझ्या हातातला तांब्या घेतला, पदर खोचला आणि पान उचलून दोन हात पलीकडे ठेवलं. मी हेल्मेट चढवून टाकीमागे जाऊन बसलो.

अर्धं मिनिटही लागलं नाही. पंख फडफडल्याचा आवाज आला. मी फटीतून पाहिलं. राखाडी मानेचा एक जण कठड्यावर उतरला, खीर तिरक्या डोळ्याने तपासली, भात ओलांडला, वडा उचलला. चोचीत दाबून पाहिला. कडक वाटला असावा, कारण तो घेऊन चार उड्या मारत पाण्याच्या वाटीपाशी गेला, वडा बुडवला, पुन्हा दाबला, पुन्हा बुडवला. मनासारखा झाल्यावरच उडाला.

"अण्णा असेच खायचे हो," ही डोळे पुसत म्हणाली. "कवळी लागल्यावर, ताकात बुडवून."

गुरुजींनी दर्भ पिशवीत टाकला. मी टाकीमागूनच हात जोडले. झाडावर अजून आठ जण बसले होते.