गुडघ्यासाठी खवल्यांचा काढा

परवा शेजारच्या काकींच्या चुलीवर एक टोप रटरटत होता. आत तांबोशी माशाचे खवले. आम्ही मालवणात राहतो, खवल्यांना तोटा नाही. "ह्या पाण्यान गुडघो बरो होतलो मां?" असं विचारत काकींनी मोबाइल पुढे केला. वाडीच्या सगळ्या ग्रुपांवर फिरलेला तोच मेसेज: केसांत, नखांत, माशांच्या आणि खवले मांजराच्या खवल्यांत केरॅटिन नावाचं प्रथिन असतं, केरॅटिनने स्टेम सेल (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडू शकतात अशा मूळ पेशी) वाढतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, म्हणून खवल्यांचा काढा प्या, जखमेवर केसांची राख लावा, केरॅटिन ट्रीटमेंटने टक्कल घालवा. सगळ्यात खाली ‘स्टेम सेल इंजेक्शन’ देणाऱ्या कुठल्याशा दवाखान्याचा नंबर.

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे असले मेसेज माझ्याकडे हमखास येतात. बहुतेक मी न वाचताच पुसते. याला मात्र उत्तर द्यावंसं वाटलं, कारण त्यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे.

आधी टोपातलं बघू. तांबोशीच्या खवल्यात केरॅटिन नसतंच मुळी. तो बनतो कोलॅजेन या दुसऱ्याच प्रथिनाचा आणि हाडात असतं तसल्या कॅल्शियमच्या खनिजाचा. काकींच्याच टोपात पुरावा होता: पाणी निवल्यावर चमच्याला चिकट जेली लागली. ते जिलेटिन, म्हणजे उकळून सुटं झालेलं कोलॅजेन. केस तासभर उकळा, केस तो केसच राहतो. त्यातल्या केरॅटिनचे धागे गंधकाच्या पक्क्या बंधांनी एकमेकांना जखडलेले असतात, नुसत्या उकळत्या पाण्याला ते दाद देत नाहीत.

आता ते अर्धं खरं वाक्य: केरॅटिनने स्टेम सेल वाढतात. प्रयोगशाळेत केसांतलं किंवा लोकरीतलं केरॅटिन रसायनांनी ते गंधकाचे बंध तोडून विरघळवतात, गाळून शुद्ध करतात आणि त्याचा जेल, स्पंज किंवा बारीक तंतूंची जाळी बनवतात. त्यावर पेशी रुजतात. केरॅटिनच्या साखळीत ल्युसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि व्हॅलिन अशी तीन अमिनो आम्लं ओळीने येतात आणि काही पेशींना पकड घ्यायला ती जागा चालते. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये उंदरांच्या तुटलेल्या मज्जातंतूच्या दोन टोकांमध्ये माणसाच्या केसांच्या केरॅटिनचा जेल भरलेली नळी बसवली आणि तंतू पुन्हा वाढायला मदत झाली. काम झकास आहे. पण तिथे चेतवल्या गेल्या त्या श्वान (Schwann) पेशी, मज्जातंतूला वेढणाऱ्या. स्टेम सेल नव्हेत. आणि उंदराला कोणी काढा पाजला नव्हता.

स्टेम सेलला दिशा देण्यात आधाराचा घट्टपणासुद्धा मोजला जातो. २००६ मध्ये अमेरिकेतले संशोधक डेनिस डिशर यांच्या गटाने दाखवलं की अस्थिमज्जेतल्या त्याच पेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर चेतापेशींच्या वळणाने जातात, स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूच्या आणि त्याहून कडक जेलवर हाडाच्या. तो जेल तर केरॅटिनचा नव्हताच, कृत्रिम होता. आपल्याकडे मिरीचा वेल पोफळीवर चढवतात तसंच हे. वेलाला हवी उभी, खरखरीत पोफळ. तीच पोफळ फोडून, उकळून पाणी आळ्यात ओतलं तर वेल कशावर चढणार?

काढ्याऐवजी खरंखुरं केरॅटिन गिळलं तरी काय? पोटातली पाचकं त्याला जवळपास हात लावत नाहीत. केस खायची सवय असलेल्यांच्या जठरात केसांचा गोळा साठतो आणि तो शस्त्रक्रिया करून काढावा लागतो.

राखेचं तर बोलायलाच नको. केस जळताना नाकात जाणारा तो उग्र वास गंधक उडून गेल्याचा. प्रथिन जळालं, मागे क्षार उरले, आणि तेच आपण उघड्या जखमेत भरायचे!

टक्कलाचं वाक्य पार्लरवाल्यांच्या सोयीचं आहे. केसांच्या स्टेम सेल असतात, पण त्वचेतल्या केसाच्या मुळाशी. बाहेर दिसणारा केस मेलेला. पार्लरमधली ट्रीटमेंट त्या मेलेल्या भागावर लेप देते आणि तो सरळ करते. सरळ करायला कित्येकदा फॉर्माल्डिहाइड सोडणारी रसायनं किंवा ग्लायऑक्झिलिक आम्ल वापरतात. केस सरळ करून घेतल्यावर दर वेळी मूत्रपिंडाला इजा झालेल्या एका तरुणीची नोंद २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. तिच्या बाबतीत संशय याच आम्लावर होता.

खवले मांजराच्या खवल्यात केरॅटिन असतं, हे मात्र शंभर टक्के खरं. नेलकटरखाली पडतं तेच. एवढ्यासाठी आपल्या सड्यांवरचा हा निरुपद्रवी मुंग्याखाऊ मारला जातो याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहे. शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद.

उरला दवाखान्याचा नंबर. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर चाचण्यांतच करता येतो. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. त्या नंबरवर मी फोन केला. गुडघा कुठला हे विचारायच्या आधी आगाऊ रक्कम सांगितली.

काकींनी सगळं ऐकून घेतलं. "मगे डॉक्टराक दाखवतंय," म्हणाल्या आणि टोप उचलून माडाच्या आळ्यात रिकामा केला.