मसालेभात, गुरुवारचा उपवास आणि ‘मला काहीच झाले नाही’

नमस्कार.

ठाण्यातील मुंजीच्या जेवणातून झालेल्या विषबाधेवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर हरकत घेतली, याबद्दल आभार. मसालेभात दोनदा वाढून घेऊनही आपल्याला काही झाले नाही, उरलेल्या भाताच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, लोकांना बाधले ते मे महिन्याचे ऊन, आणि तरीही मी एका आचाऱ्याच्या पोटावर पाय आणला, असे आपले म्हणणे आहे. आचाऱ्याविषयी शेवटी लिहितो, कारण तिथे चूक माझी आहे.

आपण ठणठणीत राहिलात हे चांगलेच झाले. परंतु अशा तपासात एकट्यादुकट्याच्या प्रकृतीवरून कोणताही पदार्थ दोषी ठरत नाही, तसा निर्दोषही सुटत नाही. १९४० साली न्यूयॉर्क राज्यातील ऑस्वेगो परगण्यात चर्चच्या सामुदायिक जेवणानंतर लोक आजारी पडले, तेव्हा ७५ जणांची चौकशी झाली. व्हॅनिला आइस्क्रीम खाणाऱ्या ५४ जणांपैकी ४३ आजारी होते आणि ११ जणांना काहीही झाले नव्हते. न खाणाऱ्या २१ जणांतही ३ आजारी होते. त्या अकरा जणांपैकी कोणीही आपल्यासारखेच पत्र लिहू शकला असता. तरीही खाणाऱ्यांत शेकडा ८० आणि न खाणाऱ्यांत शेकडा १४ ही तफावत पाहून बोट आइस्क्रीमकडेच गेले.

आपल्या मुंजीत हे काम गुरुवारच्या उपवासाने केले. उपवास करणाऱ्या बायकांनी त्याच हॉलमध्ये, त्याच टाकीचे पाणी पिऊन साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि त्यांपैकी कोणीही आजारी पडले नाही. ऊन तर त्यांनाही होतेच. (त्यांना मी फोन केले तेव्हा ‘आम्ही बऱ्या आहोत, मग आम्हाला कशाला विचारता?’ असे बहुतेकींनी ऐकवले. खरे तर मला त्यांचीच उत्तरे अधिक हवी होती.) शिवाय दोनला पान वाढले आणि पाचच्या आत उलट्या सुरू झाल्या. साल्मोनेला हा जीवाणू इतक्या लवकर सहसा त्रास देत नाही. एवढी घाई अन्नात आधीच तयार झालेल्या विषाची असते.

भात शिजला तरी ‘बॅसिलस सिरियस’ या जीवाणूचे बीजाणू (उष्णतेत तग धरणारी त्याची सुप्त रूपे) त्यात जिवंत राहू शकतात. टोप झाकलेला होता आणि वाढण्यापूर्वी भात पुन्हा गरम केला होता, हे आपण बचाव म्हणून लिहिले आहे, पण माझी शंका नेमकी तिथूनच सुरू होते. मोठ्या टोपातला झाकलेला भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो, ६० अंशांच्या खाली उतरला की बीजाणू रुजू लागतात आणि उलट्या घडवणारे विष तयार होते. हे विष १२१ अंशांवर ९० मिनिटे तापवूनही टिकते. घरच्या प्रेशर कुकरचे तापमानही साधारण तेवढेच. त्यामुळे भात पुन्हा गरम केला की तोवर वाढलेले जीवाणू मरतात आणि विष तसेच उरते. जिवंत जंतू शोधणाऱ्या तपासणीत काही सापडले नाही, त्याचा अर्थ भात निर्धोक होता असा होत नाही. मात्र ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियस’च्या विषानेही अशाच झटपट उलट्या होतात, म्हणून जीवाणूचे नाव मी लेखात ठामपणे लिहिले नव्हते आणि आजही लिहीत नाही.

आता आचाऱ्याविषयी. घाईने दोष दिल्यास काय होते, हे २०११ साली जर्मनीत दिसले. ई. कोलाय या जीवाणूच्या साथीत पहिला आळ स्पेनच्या काकड्यांवर आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. प्रत्यक्षात माग निघाला तो मोड आलेल्या मेथीचा. हे मला ठाऊक असूनही मी लेखात ‘आचाऱ्याचा निष्काळजीपणा’ असे शब्द लिहिले. माझ्याकडे पुरावा भाताविरुद्ध होता, माणसाविरुद्ध नव्हता. ते शब्द मी आज काढले आहेत. त्यांच्या जागी जे पहिल्या दिवसापासून माझ्या टिपणवहीत होते आणि मी गाळले, ते घातले आहे: पंगत बाराची ठरली होती, बसली दोनला; ‘पंगत लांबणार असेल तर भात मागाहून टाकतो’ असे आचाऱ्याने सकाळी सातलाच विचारले होते, आणि यजमानांकडून त्याला ‘आत्ताच उरकून टाका’ असे सांगण्यात आले होते.