आत्याचा खांदा आणि चौतीस पिक्सेल

सकाळी पावणेसातला आत्याचा फोन. नमस्कार नाही, बरा आहेस का नाही.

"अरे, माझा खांदा कुठाय?"

अर्धवट झोपेत मला वाटलं, न्हाणीघरात पडली की काय. "फार दुखतोय का गं?"

"दुखत नाहीये, दिसत नाहीये! नातवाच्या मोबाइलवर बघितलं आत्ता. अण्णाच्या पंच्याहत्तरीच्या फोटोत सगळ्यांना दोन-दोन खांदे आणि मला एकच!"

त्या एका खांद्यामागे माझी चार रात्रींची जागरणं आहेत, हे तिला कसं सांगू?

फोटो मीच काढला होता. वाड्याच्या पायऱ्यांवर दोन रांगांत बावीस माणसं. कॅमेरा तिपाईवर, दहा सेकंदांचा टायमर, आणि धावत जाऊन उजव्या टोकाला उभा राहिलेला मी. चेहऱ्यावर हसू कमी, धाप जास्त. पण संगणकावर उघडला तेव्हा आहाहा! ६००० बाय ४००० पिक्सेल, म्हणजे फोटो ज्यांनी बनतो ते ठिपके. काकूच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत. तशीच ती नऊ एमबीची फाइल इन्स्टाग्रामवर चढवून दिली आणि कौतुकाची वाट बघत बसलो.

कौतुक आलं नाही. फोटो बघितला तर आंघोळीचं गरम पाणी काढल्यावर आरशात दिसतो तसा आमचा वंश दिसत होता.

मी काही अगदीच नवखा नव्हतो. पोरीच्या परीक्षेच्या अर्जासाठी तिची सही २० केबीच्या आत कोंबून बसवलेला माणूस आहे मी. पण भाच्याने माझा अहंकार एका वाक्यात उतरवला. "मामा, तिथे रुंदी १०८० लागते. तू ६००० देतोस. मग छोटा करायचं काम ते त्यांच्या मर्जीने करतात."

हिशेब केला. २ कोटी ४० लाख पिक्सेल जाऊन उरतात पावणेआठ लाख. म्हणजे एकतीस पिक्सेलांनी मिळून एक प्रतिनिधी निवडायचा. आणि प्रतिनिधी निवडून गेल्यावर मूळ एकतीस जणांचं काय होतं, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको.

म्हणून छोटा मीच केला. छोटा केल्यावर फोटो जरा मऊ पडतो, मग त्याला धार लावावी लागते. क्रम हाच; आधी धार लावून मग छोटा केला तर केलेली मेहनत पाण्यात. या धार लावण्याच्या साधनाचं नाव मात्र 'अनशार्प मास्क'. डार्करूमच्या काळात निगेटिव्हला तिचीच धूसर प्रत जोडून कडा उठावदार करायचे, तिथून हे नाव आलं म्हणे. मला धार लावण्याचा मोह आवरला नाही. पट्टी सरकवत गेलो आणि प्रत्येकाच्या डोक्याभोवती पांढरी कड उमटली. बावीसच्या बावीस जणांना प्रभावळ! बांधाच्या फूटभर जमिनीसाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारे आमचे धाकटे काकासुद्धा कॅलेंडरवरचे संत दिसू लागले. बायकोने तिच्या डोळ्यांखालच्या रेघा पाहिल्या आणि एवढंच म्हणाली, "पुसून टाक." रेघा की फोटो, हे विचारायचं धाडस झालं नाही.

धार उतरवली. तेवढ्यात आत्याची लाल पैठणी आडवी आली. जेपीजीत, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या फाइलीत, उजेड-अंधाराची नोंद पिक्सेलागणिक होते, रंगाची मात्र बहुतेक वेळा चार पिक्सेलांत मिळून एक. डोळ्यांना रंगातला फरक तितका कळत नाही, असा त्यामागचा हिशेब. तो मांडणाऱ्यांनी पैठणी नेसलेल्या बाईला विचारलेलं नसावं. काठावरचे मोर लाल तिखटात लोळवून काढल्यासारखे दिसत होते. त्यात मी तीच जेपीजी उघडत होतो, थोडं बदलत होतो, पुन्हा सेव्ह करत होतो. दर वेळी थोडी नासाडी. गोठ्यातून निघालेलं दूध चार हातांतून आमच्या चहापर्यंत येतं, तसं. पाचव्या सेव्हला मोर संपले. मग मुकाट्याने मूळ फाइलवर परत.

पण हे सगळं तांत्रिक. खरी भानगड कापाकापीची. इन्स्टाग्रामवर २०१५ च्या ऑगस्टपर्यंत फक्त चौरस फोटो चालायचा. आता आडवा चालतो, पण तो फोनवर पट्टीएवढा दिसतो आणि माणसं मुंगीएवढी. उभा, रुंदी-उंची ४:५ अशा मापाचा करावा तर ६००० च्या रुंदीतले ३२०० पिक्सेल उरतात. बावीसपैकी दहा जण बाहेर! कोण जाणार? जावई कापता येत नाही. चुलते कापले तर वाटणीचा विषय निघतो. मला कापायला सगळे एकमताने तयार होते, पण एकट्याने भागत नव्हतं.

भाच्याने तोड काढली. फोटोचे दोन उभे तुकडे करायचे, शेजारी शेजारी लावायचे, बघणारा बोटाने सरकवेल. उत्तम. फक्त मधली रेघ अण्णांच्या नाकावरून गेली. पंच्याहत्तरी ज्यांची, त्यांचीच फाळणी. रेघ उजवीकडे सरकवायची तर डावीकडून कापायला हवं, आणि डाव्या टोकाला आत्या. मी कड अगदी तिच्या खांद्याला घासून नेली. अण्णा पहिल्या तुकड्यात सुखरूप आले, आत्या दोन्ही खांद्यांसह हजर. रात्री दीडला चढवला आणि झोपलो.

एक गोष्ट राहून गेली. २०२५ च्या जानेवारीपासून प्रोफाइलवरच्या चौकटी ३:४ झाल्या आहेत. म्हणजे १०८० बाय १३५० चा फोटो तिथे दोन्ही बाजूंनी साधारण ३४-३४ पिक्सेल कापून दिसतो. त्या चौतीस पिक्सेलांत आत्याचा खांदा होता. दुसऱ्या बाजूला अण्णांचं कोपर गेलं होतं, पण ते कधीच काही बोलत नाहीत.

"अगं, फोटोवर बोट टेकव, आख्खा दिसेल," मी म्हणालो.

"मी कशाला टेकवू? माझा खांदा मीच शोधायचा?"

शेवटी मूळ फाइल स्टुडिओत दिली आणि बारा बाय अठरा इंचांची प्रिंट काढली. माप ३:२ चंच, कुणाला कापायचा प्रश्नच नाही. फ्रेम करून आत्याकडे नेऊन दिली. तिने चष्मा लावून आधी खांदा तपासला, मग मोर मोजले, मग मला लाडू दिला.

संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर फोटो आला. आत्याने भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलने फोटो काढला होता. वाकडा, हललेला, कडेला कॅलेंडरचा कोपरा. तासाभरात सतरा अंगठे, अकरा बदाम आणि धाकट्या काकांचं "किती क्लिअर आलाय!" एकवीस जण ओळखू येत होते. उजव्या टोकाला, माझ्या तोंडावर, आत्याच्या हॉलमधली ट्यूबलाइट चमकत होती.