भूक लागली की येतात

गेल्या आठवड्यात आमच्या मिरजेच्या शाळेच्या ग्रुपवर बेपत्ता मुलांवरून वाद पेटला. कुणीतरी जुनी बातमी टाकली होती, मार्च २०२३ या एका महिन्यात महाराष्ट्रातून २,२०० मुली बेपत्ता झाल्याची. राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी दिलेला आकडा. लगेच दोन तट पडले. एक म्हणे सरकार झोपलंय. दुसरा म्हणे आकडे फुगवलेले आहेत. त्याचं म्हणणं, २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितल्यापासून अठराच्या आतलं मूल हरवलं की अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. त्यातली निम्मी प्रेमप्रकरणं, बाकीची मार्क कमी पडले म्हणून रुसलेली. शेवटी एका वर्गमित्राने निकाल लावला : "आपल्याकडे पोरं रागानं जातात आणि भूक लागली की येतात. उगाच बोंबलू नका." त्या वाक्याला सतरा जणांनी अंगठे दिले.

मी तेव्हा इंग्लंडात, मी राहतो त्या डॉनकास्टरच्या स्टेशनवर, लंडनच्या किंग्ज क्रॉसला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभा होतो. गाडी वीस मिनिटं लेट होती. ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि फोन खिशात टाकला. लंडनला पोचेपर्यंत दुसरं काही डोक्यात आलं नाही.

याच स्टेशनवरून १४ सप्टेंबर २००७ ला, एका शुक्रवारी, अँड्र्यू गॉस्डेन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा लंडनला गेला. सकाळी गणवेश घालून घरातून निघाला, आईवडील कामावर जाईपर्यंत बाहेर थांबला आणि परत घरी आला. कपडे बदलले. शर्टपँट धुण्याच्या मशीनमध्ये टाकली, कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला. बँकेतून २०० पाउंड काढले. ३१ पाउंड ४० पेन्सचं एकेरी तिकीट काढलं. परतीचं तिकीट फक्त पन्नास पेन्स जास्त होतं, तरी त्याने ते घेतलं नाही. हातात धरून गेम खेळायचा पीएसपी नेला, चार्जर घरीच राहिला. ११ वाजून २५ मिनिटांनी किंग्ज क्रॉसच्या कॅमेऱ्यात तो बाहेर पडताना दिसतो. त्यानंतर आजपर्यंत कुणाला दिसला नाही.

हुशार मुलगा होता, गणितात फारच पुढे. शाळा कधी न बुडवणारा. त्या दिवशी शाळेने घरी फोन केला, पण तो भलत्याच मुलाच्या घरी लागला. संध्याकाळी जेवायला हाक मारेपर्यंत सगळ्यांना वाटत होतं, पोरगं तळघरातल्या खोलीत खेळत बसलंय. कॅमेऱ्यातलं चित्र हाती यायला जवळजवळ चार आठवडे गेले. २०२१ च्या डिसेंबरात दोन जणांना अटक झाली, २०२३ मध्ये कारवाईविना सोडून दिलं. म्हणजे इथल्या पोलिसांनाही काही गवसलेलं नाही, आणि चुका तर भरपूर झाल्या.

पण या गावात त्याचं नाव घेताना कुणी आवाज खाली करत नाही, हे मला ग्रुपवर सांगायचं होतं. दर सप्टेंबरात त्याचा फोटो बातम्यांत येतो. आज तो कसा दिसत असेल याचं, वय वाढवून काढलेलं चित्र येतं. वडील कॅमेऱ्यासमोर बसून पुन्हा तेच सगळं सांगतात. माझ्या कामावरची म्हातारी बाई, जिचा त्या घराशी काही संबंध नाही, तिला त्याचा डावा कान बहिरा होता हे ठाऊक आहे. "बाप कडक असेल", "पोरगं वाया गेलं असेल" असं तिच्या तोंडून मी बारा वर्षांत ऐकलेलं नाही.

कुणी म्हणेल, तिकडचं कौतुक पुरे. बरोबर आहे. निर्वासित म्हणून एकटी आलेली पोरं इथल्या सरकारने हॉटेलांत ठेवली होती. त्यातली २०० सापडत नाहीत, असं मंत्र्याने जानेवारी २०२३ मध्ये संसदेत सांगितलं. बहुतेक अल्बेनियाची. त्यांतल्या एकाचंही नाव त्या बाईला माहीत नाही, आणि मलाही नाही. परदेशी आईच्या पोराचं चित्र कुणी वय वाढवून काढत नाही. माझी मुलगी आता चौदाची आहे. अर्धसत्राच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर मेडोहॉल मॉलला गेली आणि फोन उचलला नाही, तर मनात पहिला हिशोब हाच येतो, की हिला कुणाचं मूल म्हणून शोधतील?

आणि आपल्याकडे काहीच होत नाही, असं कुणी म्हटलं तर तेही मी ऐकून घेणार नाही. अंधेरीच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातले सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले आठवा. २००८ ते २०१५ मध्ये त्यांच्याकडे १६६ मुली हरवल्याची प्रकरणं होती. १६५ सापडल्या. राहिलेली एक जानेवारी २०१३ मध्ये शाळेच्या वाटेवरून गेली होती, सात वर्षांची. भोसले २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि तरी तिला शोधत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये ती सापडली, सोळा वर्षांची, घरापासून हाकेच्या अंतरावर. ग्रुपवरचा हिशोब लावला तर त्या माणसाचं काम १६५ वरच संपलं होतं. शेकडा नव्याण्णव! कुणी त्याला बोल लावला नसता. त्याने मात्र न आलेल्या पोरीची मोजणी केली.

आपली गंमत बघा. मूल पळवणारी टोळी आली अशी अफवा फोनवर फिरली की आपल्याला कोण चेव येतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडची. कुणाचंही मूल गेलेलं नसताना. आणि खरोखर शेजारचं पोर जातं तेव्हा आपण दार लोटून घेतो, कारण ती त्यांची घरची गोष्ट.

दार लोटून कसं घेतात, हे मला घरातून माहीत आहे.

१९९३ च्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. दादा गणितात गेला. बाबा काही बोलले नाहीत, ताटावरून उठले एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सायकल घेऊन बाहेर पडला. संध्याकाळी आला नाही. आई म्हणाली, भूक लागली की येईल. हेच शब्द. पिठलं झाकून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन स्टेशनवर गेले. सायकल स्टँडवर दादाची हिरवी हर्क्युलस उभी होती, सीटवर पावसाचं पाणी साचलेलं. बिल्ला आमच्याकडे नव्हता, तो दादाच्या खिशात. स्टँडवाला बाबांना ओळखत होता. त्याने कुलपाची दुसरी किल्ली लावून बघायला सांगितली, लागली, म्हणाला न्या. बाबांनी तीन दिवसांचं भाडं मोजून दिलं. येताना त्यांनी सायकल हातात धरून चालवत आणली, मला डबलसीट बसवलं नाही. समोरच पोलीस चौकी होती. आम्ही तिच्यावरून गेलो.

तक्रार दिली नाही. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. मुंबईला मामाकडे शिकायला ठेवलाय, असं ठरलं आणि मामानेही ते निभावलं. ती सायकल पुढे मी चार वर्षं शाळेला नेली.

२००१ मध्ये माझ्या पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले. आईने चहा केला. त्यांनी रेशनकार्ड मागितलं, कार्डावरची नावं एकेक करून वाचली आणि दादाच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हे कुठं असतात?" पोलीस आमच्या ओट्यावर बसलेला होता, हातात कागद, पेनाचं टोपण काढलेलं. आई दारात थांबली. बाबा खाली बघत होते. मला वाटलं, आता हे बोललं तर चौकशी लांबेल, पासपोर्ट अडकेल. मी म्हणालो, "मुंबईला असतो." त्यांनी मान हलवली आणि कपबशी खाली ठेवली.

त्या पासपोर्टवर मी इथे आलो. बाबा २०११ मध्ये गेले. आता चुलत्यांनी जमिनीचं काढलंय. म्हणतात, सात वर्षं खबर नसली तर कायद्याने माणूस मेला असं धरता येतं, तुम्ही तर तीस वर्षं थांबलात, कोर्टातून आणा आणि सातबारा मोकळा करा. कायदा आहे तसा. पण ज्याच्या हरवल्याचा एक कागद आम्ही केला नाही, त्याच्या मरणाचा कागद पहिला करायचा? आई सही करणार नाही. मी पण करणार नाही.

लंडनहून परतताना गाडीतच मी ग्रुपवर लिहिलं. मोठं काही नाही. "माझा दादा १९९३ ला गेला. अजून आला नाही." अंगठे थांबले. बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग त्याच वर्गमित्राचा मेसेज आला, "अरे, तो तर मुंबईला मामाकडे होता ना?"

त्याला हे कुणी सांगितलं होतं ते मला पक्कं आठवतं. सातवीत, मधल्या सुट्टीत, नळावर, मीच.

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत. पोलीस आधी फोटो मागतील. दहावीच्या ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेत आहे, पुढच्या मुलाच्या डोक्यामुळे हनुवटी दिसत नाही. त्या वर्गमित्राचा मोठा भाऊ दादाच्याच वर्गात होता. त्यांच्या घरी गॅदरिंगचे फोटो असतील. तो म्हणाला, माळ्यावर ट्रंक आहे, रविवारी काढून बघतो.